मायनर लीगमध्ये पिचर म्हणून जाताना

बेसबॉलचा क्लब पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, करार करतो तो त्याच्या हातातला वेग बघून. पुढची चार-पाच वर्षं मात्र तो दोनच गोष्टी मोजत राहतो. हा मुलगा स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून, म्हणजे झोनमधून, जाणारे चेंडू) किती टाकतो, आणि हंगामातले किती दिवस माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहू शकतो. जिंकलेल्या सामन्यांची संख्या, घरच्या लोकांनी जपून ठेवलेली कात्रणं, कॉलेजातलं नाव यांचा वरच्या पायरीशी फार थोडा संबंध असतो. हे जितक्या लवकर उमजेल तितकी मेहनत योग्य ठिकाणी लागते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलं आता लिटल लीगपासून बेसबॉल खेळतात. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला तर मेजर लीगमधल्या यांकीज क्लबचा डबल-ए (मायनर लीगमधली वरून दुसरी पायरी) संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, मराठी वस्तीपासून गाडीने फार दूर नाही. त्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि इथे महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल किंवा क्रिकेट खेळताना 'हात चांगला आहे' असं ज्यांना सांगितलं जातं त्यांना, हा धंदा आतून कसा चालतो ते कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

शिडी

मेजर लीग ही सर्वांत वरची व्यावसायिक लीग, तिचे क्लब ३०. २०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येक क्लबचे मायनर लीगमध्ये चार पूर्ण हंगामाचे संघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० संघ. त्यांच्या खाली ॲरिझोना आणि फ्लोरिडामधल्या सराव-संकुलांत खेळल्या जाणाऱ्या कॉम्प्लेक्स लीग, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. सिंगल-ए आणि हाय-एमध्ये हंगामाला साधारण १३२ सामने, डबल-एत १३८, ट्रिपल-एत १५०. एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे चालतं. ट्रिपल-ए थोडं आधी, मार्चअखेरीस सुरू होतं.

ही शिडी चढताना सर्वांत मोठी उडी हाय-एवरून डबल-एवर आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर नुसता वेग चालून जातो, कारण तिथले बॅटर झोनबाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवतात. डबल-एतला बॅटर झोनबाहेर वळणारी स्लायडर सोडून देतो. मोजणी दोन बॉल (झोनबाहेर गेलेले, बॅटरने सोडलेले चेंडू), शून्य स्ट्राइक अशी झाली की तो फास्टबॉलची वाट बघत बसतो, आणि तुमच्याकडे त्या मोजणीत टाकायला दुसरं काही नसेल तर चेंडू कुंपणापलीकडे जातो. म्हणून सिंगल-एत असतानाच, सगळं छान चाललेलं असताना, मागे पडलेल्या मोजणीत चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण मंद चेंडू) टाकायची सवय लावून घ्यायची. तेव्हा त्यावर चार फटके बसले तरी चालतात. प्रशिक्षकांना ते दिसतं आणि ते त्यासाठी मार्क कापत नाहीत.

आत शिरायचे रस्ते

अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोमधले खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या पद्धतीतून, येतात. ड्राफ्ट जुलैमध्ये होतो आणि २०२१ पासून त्याच्या २० फेऱ्या असतात; त्याआधी बरीच वर्षं ४० असायच्या. निम्म्या फेऱ्या गेल्या, म्हणजे बाराशेच्या आसपास निवडींचे सहाशे झाले. शाळा संपल्यावर एकदा संधी मिळते. त्या वेळी करार न करता चार वर्षांच्या कॉलेजात गेलात, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं होईपर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून मात्र दरवर्षी ड्राफ्टमध्ये जाता येतं. वेग अजून वाढतो आहे पण नाव कुणाला माहीत नाही, अशा पिचरला हा रस्ता खरोखर उपयोगी आहे.

पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला ठरावीक किंमत असते आणि क्लबला त्यांच्या बेरजेच्या आत राहावं लागतं. दहाव्या फेरीनंतर १,५०,००० डॉलरपर्यंतचा बोनस (सहीच्या वेळी मिळणारी रक्कम) त्या बेरजेत धरला जात नाही. म्हणून अकराव्या फेरीत बऱ्याचदा असा मुलगा निघतो ज्याला वरच्या फेऱ्यांत परवडत नव्हतं म्हणून सोडलेलं असतं. फेरीचा आकडा बघून हुरळू नका आणि खचूही नका. बोनसची रक्कम बघा. ज्याच्यात क्लबने जास्त पैसा घातला त्याला वाईट हंगामानंतरही दुसरी, तिसरी संधी मिळते. दहा हजार डॉलर घेऊन आलेल्या चौथ्या वर्षाच्या पिचरला एक खराब उन्हाळा महाग पडू शकतो.

करारात बोनसखेरीज एक गोष्ट मागून घ्यायची असते: कॉलेज शिष्यवृत्तीची तरतूद. शाळेतून किंवा कॉलेज अर्धं सोडून सही करणाऱ्याचा पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लब उचलू शकतो. किती सत्रांचा आणि सत्राला किती, हे सहीआधीच आकड्यांत लिहून घ्यावं लागतं. सहीनंतर यात वाढ होत नाही. मराठी घरांत शिक्षणाची काळजी आधी असतेच, पण बोनसच्या मोठ्या आकड्यापुढे नेमका हाच कागद घाईत वाचला जातो.

भारतात राहणारा मुलगा ड्राफ्टमध्ये येत नाही. तो आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरतो. वय किमान १६ लागतं, आणि सह्यांचा काळ दरवर्षी १५ जानेवारीला सुरू होऊन १५ डिसेंबरला संपतो. भारतातून असे दोघे गेले: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे. २००८ मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून पुढे आले, कॅलिफोर्नियात पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाऊस यांच्याकडे काही महिने शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. डावखुरा रिंकू २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघापर्यंत पोचला, नंतर कोपराच्या शस्त्रक्रियेत अडकला. खेळ वयाच्या विशीत पहिल्यांदा पाहिलेला मुलगा तीन वर्षांत तिथवर गेला, ही साधी गोष्ट नाही. पण विशीत सुरुवात केली तर शिडी चढायला वेळ किती कमी उरतो, हेही त्यातून दिसतं.

व्हिसाबद्दल थोडं. परदेशी मायनर लीग खेळाडूला पी-१ व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज क्लब करतो. आईवडिलांच्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला त्या व्हिसावर पगार घेता येत नाही, त्यामुळे त्यालाही स्थिती बदलावी लागते. कॉलेजात विद्यार्थी व्हिसावर असताना नाव-छबीच्या जाहिरातीचे पैसे कुणी देऊ केले, तर वकिलाला विचारल्याशिवाय एकही डॉलर घेऊ नका.

क्रिकेटचा हात

वेगवान गोलंदाज चांगला पिचर होईल असं आपल्याकडे गृहीत धरतात. प्रत्यक्षात सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात सपाट थ्रो आणणारा क्षेत्ररक्षक पिचिंगच्या जास्त जवळ असतो. गोलंदाजीत कोपर सरळ आणि वेगाचा मोठा वाटा धावेतून येतो. पिचिंगमध्ये धाव नाही. मागचा पाय रबरच्या पट्टीला लावून उभं राहायचं आणि मागच्या पायाच्या ढकलण्यातून, कंबर आधी आणि खांदे नंतर वळण्यातून वेग काढायचा. पावलाची लांबी साधारण उंचीच्या ८० ते १०० टक्के येते. गोलंदाज नवीन असताना छाती आणि कंबर एकदमच समोर आणतो, आणि मग सगळा भार हातावर पडतो. वेग ताशी ७५ मैलांवर अडतो आणि महिन्याभरात कोपराची आतली बाजू दुखायला लागते. सॉफ्टबॉलमधला पिचर हात खालून फिरवतो, त्यामुळे तोही नव्यानेच सुरुवात करतो. सॉफ्टबॉल संघातला शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्डचा खेळाडू मात्र तयार हात घेऊन येतो.

मापं माहीत असावीत. रबरपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरजवळच्या पाट्यापर्यंत, ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर, क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर. माउंडची उंची १० इंच. रबरच्या पुढे ६ इंचांवरून उतार सुरू होतो आणि दर फुटाला एक इंच असा उतरतो. घराच्या मागे किंवा मैदानाच्या कोपऱ्यात सरावाचा माउंड करायचा असेल तर हा उतार मोजून करा. सपाट जमिनीवर महिनोन् महिने टाकून अचानक माउंडवर गेलं की पुढचा पाय अपेक्षेपेक्षा उशिरा टेकतो आणि चेंडू वर राहतो. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा १० ते २० ग्रॅम हलका आणि घेरात किंचित मोठा.

पकड जवळून पाहू. फोर-सीम फास्टबॉलसाठी चेंडूवरची शिवण घोड्याच्या नालेसारखी वळते ती जागा शोधा. तर्जनी आणि मधलं बोट त्या नालेवर आडवी ठेवा, बोटांची पेरं धाग्यावर, दोन बोटांत एक बोट बसेल एवढी फट. अंगठा बरोबर खाली. तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. चेंडू तळहातात रुतला की फिरकी मरते. आता चेंजअपसाठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ चेंडूच्या बाजूला करा आणि चेंडू मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटाकडे द्या. हाताचा वेग तोच ठेवायचा. चेंडू आपोआप ताशी ८ ते १० मैलांनी मंद जातो. नवखे पिचर हात मंद करून चेंडू मंद करतात, आणि डबल-एतला बॅटर ते हात बघूनच ओळखतो.

क्रिकेटमधून येणाऱ्यांची आणखी एक अडचण म्हणजे बॉक, पिचरची नियमबाह्य हालचाल. बेसवर धावपटू असताना दोन्ही हात एकत्र आणून पूर्ण थांबावं लागतं. न थांबता टाकला, किंवा सुरू केलेली हालचाल मध्येच सोडली, तर प्रत्येक धावपटू एक बेस पुढे जातो. त्यात आता घड्याळ आलं आहे. मेजर लीगमध्ये बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू असताना १८. मायनरमध्ये याच्या आसपास. वेळ चुकली की एक बॉल धरला जातो. शिवाय एका बॅटरसमोर रबरवरून पाय काढायची किंवा धावपटूकडे चेंडू टाकायची मुभा दोनदाच. तिसऱ्यांदा टाकून धावपटू बाद झाला नाही तर बॉक. सरावातला प्रत्येक बुलपेन (सामन्याबाहेर माउंडवरून केलेली चेंडूफेक) घड्याळ लावून टाका. दमल्यावर सगळ्यात आधी वेळेचं भान सुटतं.

आठवडा

२०२१ पासून मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, असं वेळापत्रक आहे. बहुतेक संघ त्यामुळे सहा सुरुवातीचे, म्हणजे सामना सुरू करणारे, पिचर ठेवतात आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा चेंडू मिळतो. १३२ सामन्यांत सहा जण धरले तर वाट्याला साधारण २२ सुरुवाती येतात. पहिल्या पूर्ण हंगामात प्रत्येक वेळी चार-पाच इनिंग आणि ७५ चेंडूंच्या आसपास थांबवलं जातं. खेळ उत्तम चाललेला असताना व्यवस्थापक चेंडू काढून घेतो तेव्हा राग येतो. पण तो आकडा त्याने ठरवलेला नसतो, वरून आलेला असतो, त्यामुळे डगआउटमध्ये वाद घालून काही साधत नाही.

मंगळवारी टाकलं असं धरा. बुधवारी पायांचा जड व्यायाम, कारण पुढच्या सुरुवातीपासून तोच दिवस सर्वांत लांबचा. चेंडू जवळून, हलकेच, किंवा अजिबात नाही. गुरुवारी ६०, ९०, मग १२० फुटांवरून लांब फेक. शुक्रवारी बुलपेनमध्ये २० ते ३० चेंडू, तेही ठरवून. नुसतं 'बरं वाटेपर्यंत' टाकणं हा बुलपेन वाया घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पाच फास्टबॉल बाहेरच्या कडेला, पाच चेंजअप, मग एक काल्पनिक बॅटर उभा करून पूर्ण मोजणी. शनिवारी शरीराच्या वरच्या भागाचा हलका व्यायाम, खांद्यासाठी रबरी बँड. रविवारी हलकी फेक, आणि पुढच्या बॅटरांचे व्हिडिओ. मधल्या रात्रींत एखाद्या दिवशी स्टँडमध्ये बसून चार्ट भरायचं काम सुरुवातीच्या पिचरकडेच येतं. ते टाळू नका. प्लेटच्या मागे बसून आपल्याच संघातल्या माणसाचे नव्वद चेंडू लिहिताना मोजणी आणि चेंडू यांचं नातं जसं कळतं तसं व्हिडिओत कळत नाही.

रिलीव्हरचं, म्हणजे सामन्यात मधून येणाऱ्या पिचरचं, आयुष्य वेगळं. कधी टाकायचं ते आधी माहीत नसतं. फोन वाजला की दहा-बारा मिनिटांत तयार व्हायचं, आणि कधी कधी २० चेंडू पूर्ण जोराने टाकून परत बसायचं. स्कोअरबुकात त्या वीस चेंडूंची नोंद होत नाही, कोपरात मात्र होते. आज उठून गरम झालो पण आत गेलो नाही, हे पिचिंग कोचला त्याच रात्री सांगायचं. लाजून गप्प बसणारे रिलीव्हर तिसऱ्या सलग दिवशी बोलावले जातात.

सोमवारची सुट्टी बऱ्याचदा बसमध्ये जाते. रात्री सामना, मग सहा-आठ तासांचा प्रवास, आणि पहाटे हॉटेल. बसमध्ये वाकडं झोपून दुसऱ्या दिवशी पाठ आखडली की पिचरचं पाऊल आखूड पडतं आणि चेंडू उंच राहतो. स्वतःची उशी न्या, उतरल्यावर झोपायच्या आधी कंबर आणि मांड्या पंधरा मिनिटं मोकळ्या करा. शाकाहारी असाल तर संघाच्या आहारतज्ज्ञाला शिबिरातच सांगा. सामन्यानंतरच्या जेवणात प्रथिनं बहुतेक मांसातूनच दिलेली असतात, आणि सहा महिने ब्रेड-चीजवर काढणाऱ्याचं वजन जुलैपर्यंत चार-पाच किलोने उतरतं, पाठोपाठ वेगही.

क्लब काय बघतो

मेजर लीगमध्ये फोर-सीमची सरासरी आता ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे १५१ किलोमीटरच्या पुढे गेली आहे. उजव्या हाताने ९० मैल टाकणाऱ्याला वर जायला दुसरं काहीतरी फार चांगलं असावं लागतं. फिरकी, चेंडूची हालचाल, हात सोडतो ती उंची हे सगळं कॅमेरे आणि रडार प्रत्येक सामन्यात टिपतात. त्या आकड्यांचा ताण घेण्यापेक्षा प्रशिक्षकाला सरळ विचारा: माझा कोणता चेंडू तुम्हाला वरच्या पातळीचा वाटतो, आणि तो मी किती टक्के टाकावा? उत्तर पुष्कळदा धक्का देतं. शाळेपासून जपलेला कर्व्हबॉल सोडून नवीन स्लायडर शिकायला सांगतात.

रोज स्वतः लिहून ठेवायचे आकडे तीनच. एकूण चेंडूंपैकी स्ट्राइक किती. ६३-६५ टक्के असेल तर ठीक. पहिला चेंडू स्ट्राइक किती वेळा. ६० टक्क्यांच्या खाली गेलं की बाकी सगळं बिघडतं. आणि बॅटरांपैकी किती जणांना वॉक (चार बॉल झाल्यावर मिळणारा फुकट बेस) दिला; दहात एकापेक्षा जास्त असेल तर डबल-एच्या दारात अडकणार. सामना जिंकलात की हरलात याला वहीत जागा नको.

ट्रिपल-एत गेल्यावर दोन गोष्टी बदलतात. तिथे २०१९ पासून मेजर लीगचाच चेंडू वापरतात, त्याची शिवण खालच्या पायऱ्यांवरच्या चेंडूपेक्षा बसकी लागते. धाग्याच्या आधारावर फिरणारे चेंडू पहिले काही आठवडे कमी वळतात, त्यामुळे बढतीनंतरचा पहिला महिना बहुतेकांचा वाईट जातो. दुसरं, स्ट्राइकचा निर्णय यंत्राकडे नेता येतो. २०२६ पासून ही आव्हानाची पद्धत मेजर लीगमध्येही आली. यंत्राचा झोन प्लेटइतका, १७ इंच रुंद. वरची रेषा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी बॅटरसाठी म्हणजे जमिनीपासून साधारण १९ ते ३८ इंच. प्लेटबाहेर दोन इंच टाकून कॅचरच्या ग्लोव्हच्या कौशल्यावर स्ट्राइक मिळवणाऱ्या पिचरला खाली असतानाच सवय बदलावी लागते.

हाताला चिकटपणा येण्यासाठी फक्त रोझिनची (राळेच्या भुकटीची) पिशवी वापरायची. सनस्क्रीन, पाइन टार किंवा दुसरा कोणताही चिकट पदार्थ सापडला तर सामन्यातून हकालपट्टी आणि वर दहा सामन्यांची बंदी. पंच मैदानावर हात तपासतात. घाम फार येत असेल तर दोन इनिंगच्या मध्ये शर्ट बदला.

कोपर

पिचरच्या कोपरात आतल्या बाजूला अल्नर कोलॅटरल नावाचं अस्थिबंध असतं. हात जास्तीत जास्त मागे वळलेला असताना सगळा ताण त्यावर येतो. ते एका दिवसात तुटतं असं वाटतं, पण बहुतेक वेळा आधी काही आठवडे निरोप येत असतो. चेंडू सारखा हाताच्या बाजूला उंच जाऊ लागतो. दोन इनिंगनंतर वेग दोन-तीन मैलांनी पडतो. सामन्यानंतर कोपर पूर्ण सरळ व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. यातलं एक दिसलं की ट्रेनरला सांगा. दोन दिसली तर त्याच दिवशी. लपवण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: यादीतली जागा जाईल ही भीती. पण मायनर लीगमध्ये जखमींची यादी सात दिवसांची असते आणि त्या काळात पगार सुरूच राहतो. अर्धवट दुखापतीवर टाकत राहून जो तोल बिघडतो त्याने खांदाही जातो, आणि खांद्यावरून परतणं कोपरापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

अस्थिबंध फाटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरवर केली. शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून कोपरात हाडांतल्या छिद्रांतून ओवतात. तो बहुधा मनगटातून घेतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवा, मधोमध दोरीसारखा उभा राहतो तो. काही लोकांना तो जन्मतःच नसतो. मग मांडीच्या मागून घेतात. पिचरला सामन्यात परतायला १२ ते १८ महिने लागतात. चेंडू पहिल्यांदा हातात येतो तो चार-सहा महिन्यांनी, तोही ३०-४५ फुटांवरून हलका. सर्वांत जास्त घोटाळा आठव्या-नवव्या महिन्यात होतो. हात अजिबात दुखत नाही, माउंडवर पाय ठेवला की वेग परत आल्यासारखा वाटतो, आणि मुलगा कार्यक्रमाच्या पुढे पळतो. खांद्याचे लहान स्नायू त्या वेळी तयार झालेले नसतात. कागदावर २० चेंडू लिहिले असतील तर २०च.

शस्त्रक्रिया म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, हेही तितकंच खरं. कुमार रॉकर या पिचरचं उदाहरण घ्या. त्याच्या आईचं घराणं मूळचं भारतातलं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये मेट्स या क्लबने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. २०२२ मध्ये तो फ्रंटियर लीग या स्वतंत्र लीगमध्ये खेळला आणि त्याच वर्षी टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये टॉमी जॉन झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केलं.

पालकांना इथे कळकळीने सांगायचं आहे. कोपर बिघडतं ते बहुतेक वेळा मायनर लीगमध्ये जाण्याआधीच. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी घालून दिलेल्या मर्यादा फ्रिजवर लावा. ११-१२ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ८१ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. ६१ ते ८० ला तीन. वर्षातून चार महिने खांद्यावरून फेक बंद, त्यातले दोन-तीन तरी सलग. आणि पिचिंग केलेल्या दिवशी कॅचर म्हणून बसवू नका. शाळेचा संघ आणि प्रवासी संघ एकमेकांचे चेंडू मोजत नाहीत. ती बेरीज घरच्यांनाच करावी लागते.

पैसा आणि घर

२०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला आणि परिस्थिती खूप सुधारली. त्या करारात वर्षाचा किमान पगार कॉम्प्लेक्स लीगमध्ये ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाला, सिंगल-एत ११,००० वरून २६,२००, डबल-एत १३,८०० वरून ३०,२५० आणि ट्रिपल-एत १७,५०० वरून ३५,८००. हंगामाबाहेरच्या सरावाचेही पैसे मिळतात. २०२२ पासून घर क्लब देतो. खालच्या पायऱ्यांवर खोली वाटून घ्यावी लागते. एवढ्यात पोट भरतं, शिल्लक फारशी पडत नाही. त्यामुळे बोनस हीच खरी पुंजी. त्यातून कर आणि एजंटचा हिस्सा गेला की राज्यानुसार बराच भाग कमी होतो. उरलेल्यातून पहिली खरेदी गाडीची करू नका. पाच हिवाळ्यांच्या सरावाचा खर्च आधी बाजूला ठेवा.

पुढचं गणित क्लबच्या ४० जणांच्या मेजर लीग यादीचं आहे. १८ किंवा कमी वयात सही केलेल्याला पाच हंगामांत, १९ किंवा जास्त असेल तर चार हंगामांत, क्लबने या यादीत घेतलं नाही तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब १ लाख डॉलर देऊन त्याला नेऊ शकतो. नेणाऱ्याला त्याला वर्षभर मेजर लीगच्या संघात ठेवावं लागतं. यादीत आल्यावर तीन हंगाम 'ऑप्शन'चे. त्या काळात क्लब वर-खाली पाठवू शकतो, आणि खाली पाठवलेल्या पिचरला एरवी किमान १५ दिवस तिथेच राहावं लागतं. हे वर-खाली अंगाला लागतं, पण वरचा प्रत्येक दिवस मोलाचा आहे. २०२६ चा किमान पगार ७,८०,००० डॉलर, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या वर. आणि ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो.

सोडल्यावर

सोडायचे दिवस ठरलेले असतात: मार्चमधलं शिबिर संपताना, जुलैच्या ड्राफ्टनंतर नवे वीसेक जण येतात तेव्हा, आणि हंगाम संपल्यावर. २०२४ पासून क्लबला अमेरिकेत हंगामात १६५ च खेळाडू ठेवता येतात, आधी १८० होते. त्यामुळे काठावरचे लवकर जातात. व्यवस्थापकाच्या खोलीतलं बोलणं पाच मिनिटांत संपतं. बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी मागा: सगळे वैद्यकीय अहवाल आणि एमआरआयची प्रत, दोन हंगामांचा पिचिंगचा डेटा, आणि दुखापत असेल तर ती लेखी नोंदवून घ्या, म्हणजे उपचाराचा खर्च क्लबच्या विम्यावर राहतो. अटलांटिक, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर आणि पायोनियर या स्वतंत्र लीगना पिचर सतत लागतात, आणि तुमचा डेटा सोबत असेल तर दोन दिवसांत उत्तर येतं. हिवाळ्यात मेक्सिको, डॉमिनिकन आणि प्वेर्तो रिकोत सामने असतात. दुबईत खेळल्या जाणाऱ्या बेसबॉल युनायटेडमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे, तिथे दक्षिण आशियाई वंशाच्या खेळाडूंना मुद्दाम जागा शोधली जाते.

आणि सहीच्या वेळी लिहून घेतलेली कॉलेजची तरतूद: खेळ थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत वर्गात बसावं लागतं, नाहीतर ती बुडते. स्वतंत्र लीगमध्ये आणखी एक उन्हाळा काढायचा विचार असेल तर ती तारीख तिथे गेल्यावर पुढे सरकते का, हे आधी क्लबला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.